खलबत्त्यावरचं नाव

"काकू, तुमचा हात कधी थरथरतो का हो?"

ओवीनं हे विचारलं तेव्हा मी पुन्हाघरात जमिनीवर फतकल मारून प्लास्टिकच्या वाट्या निवडत होते. संक्रांत सरली की आमच्याकडे या वाट्यांचा पूर येतो. हळदीकुंकवाला एकीनं लुटलेलं वाण दुसरी जपून ठेवते, पुढच्या वर्षी तिसरीच्या ओटीत घालते, आणि चौथी कंटाळून आमच्या खिडकीत आणून टाकते. चार बायका फिरून आलेली वाटी, पण तिच्यात कुणी कधी चमचाभर चटणी वाढून घेतलेली नसते.

"राग आला की थरथरतो," मी म्हणाले. "परवा मी चांगली म्हणून ठेवलेली कढई तुझ्या त्या यंत्रानं नापास केली ना, तेव्हा थरथरला होता."

ओवी हसली नाही. एरवी ही पोरगी माझ्या निम्म्या बोलण्यावर नुसतीच हसत असते. "आत येता का जरा?" एवढंच म्हणाली.

पुन्हाघर म्हणजे आमच्या सांगलीतल्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीचं गोदाम. एका पुराच्या वर्षी गावानं उरलीसुरली भांडी इथे आणून टाकली आणि ज्यांचं सगळं वाहून गेलं होतं त्यांनी ती नेली. पाणी ओसरलं, पण येणंजाणं थांबलं नाही. आता इथं जुन्या साड्यांच्या गोधड्या होतात, फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांनी अंगणवाडीची अंगणं सजतात, मिक्सरच्या मोटरी शाळेच्या प्रयोगशाळेत जातात. शिट्टी गेलेल्या कुकरांतून अर्ध्या गावाचा कढीपत्ता वाढतोय. नियम एकच, देणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. मागच्या बाजूला खिडकी आहे, तिथं वस्तू ठेवायची आणि चालू पडायचं. कारण नणंदेनं आहेरात दिलेला डिनरसेट वहिनीनं पुन्हाघरात टाकला हे कळलं, तर जन्माचं वैर. मी दर गुरुवारी तिथं निवडायला बसते. हाताला काम मिळतं आणि तोंडालाही.

सगळं छान चाललं होतं, पण नेणाऱ्यांच्या मनात धाकधूक असायची. हा मिक्सर आठ दिवसांत जळला तर? कुकर फुटला तर? म्हणून दोन वर्षांपूर्वी ओवीनं झीजवाचक आणला. ती मटेरियल सायन्सची इंजिनिअर, वस्तूंचं वय हाच तिचा विषय. लोकांनी यंत्राचं नाव जोशीबुवा ठेवलं, कारण ते वस्तूची कुंडली सांगतं.

त्याचं शास्त्र तिनं मला एकदा पोळपाट समोर ठेवून समजावलं होतं. आपण कुठलीही वस्तू वापरली की तिच्यावर ओरखडा उठतो. डोळ्यांना न दिसणारा, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतकासुद्धा. यंत्र त्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या कोनांतून वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून ओरखड्यांची उंची-खोली मोजतं, त्यांत अडकलेले अंश कशाचे तेही ओळखतं. नवा ओरखडा जुन्याला छेदून जातो, त्यामुळे कुठला आधीचा, कुठला नंतरचा हेही कळतं. भिंतीच्या पोपड्यात रंगाचे थर दिसतात ना, तसं. मग लाखो वस्तू पाहून शिकलेलं गणित सांगतं, ही वस्तू कशी वापरली गेली आणि अजून किती टिकेल. आम्हाला हवं होतं ते एवढंच. पण हातानं वस्तूवर काय केलं हे ज्याला वाचता येतं, त्याला हातही वाचता येणारच. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आतल्या खोलीत यंत्राच्या पाटावर एक पितळी खलबत्ता होता. नुकताच घासलेला, पण कडेला पुटं तशीच राहिलेली.

"काल खिडकीत आला," ओवी म्हणाली. "बघा, निरोगी माणूस कुटतो तेव्हा ठोके साधारण सारख्या जोराचे पडतात. याच्या तळाशी जुने ठोके तसेच आहेत, खोल आणि एकाजागी. पण वरच्या थरात, म्हणजे अलीकडच्या दीड-दोन वर्षांत, वेगळंच दिसतंय. पहिला ठोका जोरात, मग पुढचा लहान, त्याहून पुढचा लहान. मन जोर लावायला सांगतं, पण हात हळूहळू माघार घेतो. शिवाय काही ठोक्यांच्या शेजारी बारीक बारीक टिंबं आहेत. बत्ता टेकल्यावर थरथरलाय."

"म्हणजे?"

"कंपवात. अगदी सुरुवातीचा. ज्याचा हात आहे त्याला स्वतःलाही वाटत असेल की वय झालंय." तिनं दार लोटून घेतलं. "आता औषध आहे, काकू. मेंदूतल्या त्या पेशी मरायच्या थांबतात. पण निम्म्याहून जास्त जिवंत असतानाच सुरू करावं लागतं. उशीर झाला की मग नाही उपयोग. मला खरं तर हे वाचायचीच परवानगी नाही, सांगायची तर नाहीच. पण…"

तिनं खल तिरका केला. कडेवर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: चि. सौ. कां. त्रिशला हिस, अप्पा.

मी त्रिशला. अक्षरं माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तांबटाच्या दुकानात स्वतः उभं राहून कोरून घेतलेली. पण मी दचकले ती आजाराच्या नावानं नाही. हा खलबत्ता मी वीस-बावीस वर्षांनी पाहत होते.

"ओवी, माझ्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "भांड्यावर नाव असतं ते वापरणाऱ्याचं असतंच असं नाही गं. तुमच्या पिढीला कोण सांगणार! माझ्या घरातल्या तांब्यावर आत्येसासूबाईंच्या शेजारणीचं नाव आहे."

तिला बिचारीला हायसं वाटलं आणि लगेच नवी काळजी लागली. "मग कुणाचा हात? यंत्र म्हणतंय बाईचा, साठीच्या पुढची. वरच्या थरात आल्याचे अंश आहेत. खालच्या थरांत सुपारी, कात, लवंग."

सुपारी आणि कात. आमच्या घराण्यात पान खाणारे एकटे अप्पा.

इथं मला थोडं मागं जाऊन सांगायला हवं. माझं माहेर मिरजेला. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हा डिंक, खारका कुटायला हा खलबत्ता सोबत नेला होता. येताना राहून गेला. नंतर मागितला तर दादा म्हणाला, "सापडत नाही." दर वेळी तेच. पुढे कुणीतरी मला सांगितलं की तुझा खलबत्ता वहिनीच्या स्वयंपाकघरात पाहिला. मी दादाच्याच मुलीच्या लग्नात, भर मांडवात, त्याला चोर म्हणाले. तो काही बोलला नाही. न बोलण्यानं माझा संशय पक्का झाला आणि आमचं बोलणं तुटलं. भांड्याला भांडं लागतंच, पण आमचं लागलं ते कायमचं. अप्पांना भेटायला मी जायची तेव्हा दादा मागच्या दारानं बाहेर पडायचा. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्या घराचं दारच माझ्यापुरतं बंद झालं.

आणि आता तोच खलबत्ता समोर. म्हणजे होताच घरात. साठीच्या पुढची बाई, म्हणजे राजमती वहिनी. माझ्या वस्तूत इतकी वर्षं आलं कुटत होत्या, आणि काम झाल्यावर भंगारात टाकला!

मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवत नाही. आलं, की भोगू दे. दुसऱ्याच क्षणी माझी मलाच किळस वाटली. वहिनीनं माझी दोन बाळंतपणं केली होती. त्याच हातांनी मला न्हाऊमाखू घातलं होतं.

"मी सांगते जाऊन," मी ओवीला म्हणाले. "तू यंत्र बंद कर आणि कुणाजवळ बोलू नकोस."

मिरजेची बस आता चालकाशिवाय धावते. कंडक्टर मात्र ठेवलाय, कारण 'पुढं सरका' म्हणायला माणूसच लागतो. सगळी वाट मी वाक्यं जुळवत होते. वहिनी, घाबरू नका. वहिनी, औषध आहे. वहिनी, खलबत्त्याचं राहू द्या. हे तिसरं वाक्य काही केल्या जमेना.

दार वहिनींनीच उघडलं. बघतच राहिल्या.

"वन्सं? या की, या. वाट चुकलात होय?"

पाणी आलं, गूळ आला. दादा भाजी आणायला गेला होता. मला बरंच वाटलं. मी त्यांना शेजारी बसवलं, हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. यंत्र, ठोके, कंपवात, औषध. त्या शांतपणे ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर उठल्या, फडताळातून सुईदोरा आणला, आणि चष्मा न लावता पहिल्या फटक्यात दोरा ओवून दाखवला.

"बघा. थरथरतोय का हात?"

"पण वहिनी, खलबत्ता…"

"खलबत्त्याला माझा हात लागेल तर ना!" त्या हसल्या. "ह्या घरात मला लावू कुठं दिला कुणी? अप्पांचे दात गेले आणि त्यांना कुटलेला विडा लागायला लागला. दुसरा खल आणून दिला, चालेना. म्हणायचे, ह्याच्यातच पान रंगतंय. आणि कुटायचं कुणी, तर ह्यांनीच. सुनेच्या हातचा विडा सासऱ्यानं खाऊ नये म्हणे. रोज दोन्ही वेळचा विडा तुमच्या दादांनी कुटलाय. अप्पा गेल्यावरपण सवय जाईना. मग सकाळी चहाचं आलं तरी कुटायचे."

"मग मला सांगायला काय झालं होतं? मी नाही म्हटलं असतं का?"

वहिनींचं हसू मावळलं. "अप्पांनी शपथ घातली होती वन्सं. लेकीला दिलेली वस्तू बापानं परत घेतली, हे कुणाला कळलं तर लाज जाईल म्हणायचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस तो. दादांना म्हणाले, हरवला म्हणून सांग. तुम्ही यायच्या आधी खलबत्ता खाटेखाली सारायचे आणि वरनं धोतर सोडायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तशातली गत. तुम्ही गेलात की पहिला विडा."

मी खाटेकडे पाहिलं. कितीदा मी त्याच खाटेवर अप्पांच्या पायाशी बसून दादाच्या कागाळ्या केल्या होत्या. अप्पा मान खाली घालून ऐकायचे. मला वाटायचं, लेकाची लाज वाटते म्हणून.

मग एकदम एकच गोष्ट दोघींना एकाच वेळी कळली. कुटणारा हात वहिनींचा नव्हता.

"वर्षभर झालं, सदऱ्याची बटणं मीच लावतीय," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं वय झालं. अक्षर केवढं मोठं होतं त्यांचं. आता मुंगीएवढं काढतात." त्यांच्या हातातली सुई खाली पडली.

दादा आला. दारातून आत येताना मी त्याला बघत होते. एका हातात पिशवी होती. दुसरा हात नुसता अंगाला चिकटून. चालताना हलत नव्हता. हे मला वर्षापूर्वीही दिसलं असतं, समोर आले असते तर.

त्यानं मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलला, "मिळाला काय?"

"मिळाला."

"नीट घासून झाला नाही. हात चालत नाही आता पहिल्यासारखा." तो ओशाळल्यासारखा खुर्चीत बसला. "गुरुवारी तू असतीस म्हणून कळलं होतं. बुधवारी नेऊन ठेवला. म्हटलं, नाव वाचशील."

"घरी आणून द्यायला काय झालं होतं तुला?"

"आणला असता तर तू विचारलं असतंस, इतकी वर्षं कुठं होता." दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "मग अप्पांचं नाव सांगावं लागलं असतं."

मी रडले. लपवण्यात काही अर्थ नाही, हुंदके देऊन रडले. भर मांडवात मी त्याला चोर म्हटलं होतं आणि तो बापाची लाज पदरात घेऊन उभा राहिला होता. दादा कसनुसा होऊन म्हणाला, "असू दे गं. माणूस गेलं. आता कशाला?"

मग मी डोळे पुसले आणि त्याला आजाराचं सांगितलं.

तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आता काय करायचंय औषध घेऊन? अप्पांची सेवा झाली. पोरीचं झालं. जेवढे दिवस आहेत तेवढे बास."

तेव्हा मात्र माझा हात खरंच थरथरला.

"बास म्हणे! अप्पांनी एक शब्द टाकला तर तू जन्मभर माझ्या शिव्या खाल्ल्यास. मी सांगतेय तर ऐकवत नाही? वीस वर्षं माझी वस्तू वापरलीस ना, तिचं भाडं म्हणून दवाखान्यात चल. उद्या."

वहिनी आत वळल्या. मला वाटलं रडायला. पण त्या दादाचे धुतलेले कपडे आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. "उद्या कशाला?" म्हणाल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासण्या झाल्या, निदान बरोबर निघालं. वेळ हातात होता, पण फार नव्हता. या औषधाची एक अडचण असते, त्यांनी सांगितलं. मात्रा कमी पडली तर गुण नाही आणि जास्त झाली तर अंग वेडंवाकडं हलायला लागतं. ती माणसागणिक वेगळी, आणि दवाखान्यात घडीभर तपासून नीट कळत नाही, कारण डॉक्टरांसमोर प्रत्येक जण जरा ताठ बसतो. घरातला, रोजचा, बेसावध हात बघायला मिळाला तर सोनं. मी ओवीला बोलावून घेतलं. तिनं झीजवाचकाचे नकाशे दाखवले तशा बाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या.

तिथंच ठरलं. खलबत्ता दादाकडे परत जायचा. त्यानं रोज सकाळी त्यात आलं कुटायचं आणि महिन्यातून एकदा तो पुन्हाघरात आणायचा. ओवी ठोके वाचणार, बाई मात्रा ठरवणार. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागायचा नाही, नाहीतर वाचन बिघडेल. या वेळी दादाची रीतसर परवानगी घेतली होती. पुढे बाईंनी आणखी रुग्णांना घरातलं रोजच्या वापरातलं जुनं भांडं शोधायला सांगितलं. ज्यांच्याकडे असं काही नव्हतं त्यांच्याकडे आमच्या गोदामातून किसण्या, रव्या, लाटणी, अडकित्ते जाऊ लागले. अडगळीत पडलेली वस्तू गावात घरोघरी नाडी बघायला लागली.

यंत्रानं बाईचा हात का म्हणून सांगितला, हे मी ओवीला विचारलं होतं. तिनं जीभ चावली. "त्याला शिकवायला वापरलेले सगळे खलबत्ते बायकांनी कुटलेले होते, काकू. पुरुषही कुटतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मलाही," मी म्हणाले.

आता दर रविवारी मी मिरजेला असते. सहा-सात महिने झाले असतील. मात्रा दोनदा बदलली. मधे एकदा दादा आठवडाभर नुसता पडून होता तेव्हा माझा धीर सुटला होता. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून काही महिने थांबा, मगच बोलू.

मागच्या रविवारी वहिनी चहा टाकत होत्या. मी ओट्याशी उभी. त्यांनी बोलण्याच्या नादात आल्याचा तुकडा खलात टाकला आणि बत्ता माझ्या हातात दिला. "वन्सं, जरा ठेचता का तेवढं?"

बत्ता माझ्या मुठीत नेमका बसला. अप्पांनी तो निवडताना माझा हात मापून घेतला होता, ते आठवलं. कडेवरचं माझं नाव वर्षानुवर्षांच्या घासण्यानं पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं. एक ठोका मारावा असं फार फार वाटलं.

मी बत्ता अलगद खाली ठेवला. "दादाला हाक मारा. माझा हात नको लागायला."

दादा आला, पाट ओढून बसला आणि कुटायला लागला. पहिला ठोका खणखणीत पडला. दुसरा, तिसरा. वहिनींनी गॅस बारीक केला. मी कान देऊन ऐकत राहिले, कुठला ठोका लहान होतोय, कुठं हात माघार घेतोय.

शेवटचा ठोका पहिल्यासारखाच वाजला.

"झालं," दादा म्हणाला. "बारीक झालंय की."

"नाही झालं," मी म्हणाले. "अजून कूट."